चटई आणि समास

शासनव्यवहारातील मराठी हा आमच्या वर्गांत बहुधा चेष्टेचा विषय असतो. कोणत्याही परिपत्रकातील एखादे वाक्य फळ्यावर लिहावे आणि कर्ता, कर्म, क्रियापद शोधण्यास विद्यार्थ्यांना सांगावे, की तास बरा जातो. परंतु नगररचनेच्या परिभाषेतील दोन शब्द गेले काही महिने आमच्या मनात घर करून बसले आहेत, आणि त्यांच्याविषयी चेष्टेने बोलावे असे आम्हांला वाटत नाही. पहिला शब्द ‘चटई क्षेत्र निर्देशांक’. दुसरा ‘सामासिक अंतर’. पहिला शब्द वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवला आहे. दुसरा वास्तुविशारद आणि महापालिकेचे अभियंते यांच्याबाहेर फारसा कोणी उच्चारत नाही. मुंबईतील इमारती किती उंच असाव्यात या प्रश्नाचे सारे राजकारण या दोन शब्दांतील या विषमतेत साठले आहे, असे आम्ही म्हटले तर ते भाषेच्या मास्तरांचे अतिशयोक्त विधान वाटेल. ते का म्हणावेसे वाटते हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम चटईविषयी. इंग्रजीतील ‘फ्लोअर स्पेस इंडेक्स’ या संज्ञेत चटई कोठेही नाही. ती अनुवादकाने अंथरली. हा अनुवाद करणारा कोण होता हे आम्हांस ठाऊक नाही. मात्र त्याने गालिचा अंथरला नाही, चटई अंथरली, याबद्दल त्याच्या सामाजिक जाणिवेला आम्ही दाद देतो. चटई म्हणताच डोळ्यांपुढे दहा बाय बाराची खोली येते, रात्री अंथरल्या जाणाऱ्या आणि सकाळी गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या जाणाऱ्या वस्तू येतात, त्यांवर ओळीने झोपलेली माणसे येतात. मात्र या शब्दात एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे उंची. चटई नेहमी जमिनीवर असते.

आणि खरोखरच चटई क्षेत्र निर्देशांक उंचीविषयी काहीही सांगत नाही. वाचकांपैकी बहुतेक आमच्यासारखेच गणिताला भिऊन वाङ्मयाकडे वळलेले असणार, म्हणून सोपे उदाहरण घेऊ. भूखंड १,००० चौरस मीटरचा आहे आणि निर्देशांक १.३३ आहे, तर त्यावर एकंदर १,३३० चौरस मीटर बांधता येईल. ते ६६५ मीटरांच्या दोन मजल्यांत बांधा, नाहीतर १३३ मीटरांच्या दहा मजल्यांत. निर्देशांकाला दोन्ही सारखेच. १९६०च्या दशकात पहिल्या विकास आराखड्याबरोबर हे परिमाण मुंबईत रुजले, आणि १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मूळ शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हे आकडे इतके रूढ केले की पुढची कित्येक वर्षे मुंबईकर मनुष्य ते पाढ्यासारखे म्हणत असे. त्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले, म्हणजे एका जागी न बांधलेले क्षेत्र कागदावर उचलून दुसऱ्या जागी नेऊन बांधण्याची मुभा दिली. पुढे २०१२ साली ‘फंजिबल’ चटई क्षेत्र आले. येथे अनुवादकाने हात टेकले असावेत, कारण बहुतेकांच्या तोंडी तो शब्द आहे तसाच राहिला. थोडक्यात, गेली साठ वर्षे या शहरात उंचीविषयीचा वाद आपण क्षेत्रफळाच्या भाषेत घालत आलो आहोत.

त्यापूर्वी तसे नव्हते. उंची हा शब्द आपल्या परंपरेत प्रथम मानाचा आहे आणि मग मापाचा. शनिवारवाड्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पेशव्यांनी वाड्याचे बांधकाम दगडात उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हा दगडी वास्तू बांधण्याचा अधिकार फक्त छत्रपतींचा, अशी कुरकुर साताऱ्यापर्यंत गेली आणि जोत्यावरचे सारे मजले विटांचे झाले, असे सांगतात. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण ज्या समाजात ती रुचली, त्या समाजात कोणी किती आणि कशाचे बांधावे हे बांधणाऱ्याच्या पायरीवरून ठरत असे, एवढे तिच्यातून कळते. मुंबईपुरते बोलायचे तर अण्णा भाऊ साठे यांच्या ‘मुंबईची लावणी’चे स्मरण होते. त्या लावणीच्या आरंभीच मलबार हिल येते, आणि येते ती तिच्या उंचीसह. शाहिराने शहराची विषमता दाखवण्यासाठी पैशाचे आकडे घेतले नाहीत, भूगोल घेतला. वर कोण, खाली कोण. तिथे उंची टेकडीची होती. आज मुंबईत टेकडी लागत नाही, लिफ्ट पुरते.

तेव्हा इमारतींच्या उंचीवर मर्यादा का घालायची, हा प्रश्न जेव्हा चर्चेत येतो, तेव्हा त्याची उत्तरे बहुधा वरून पाहणाऱ्याच्या नजरेतून दिली जातात. विमानतळाजवळ विमानांना अडथळा होऊ नये म्हणून. नौदलाच्या तळांजवळ सुरक्षेसाठी. २०१० साली गाजलेल्या कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीच्या प्रकरणात हा मुद्दा सर्वांनी वाचला. वारसास्थळांभोवती क्षितिजरेषा बिघडू नये म्हणून. ही सर्व कारणे रास्त आहेत आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण आधुनिक मुंबईत उंचीच्या नियमाचा जन्म यांपैकी कोणत्याही कारणातून झाला नाही. त्याचा जन्म प्लेगमधून झाला.

१८९६ साली मांडवीच्या परिसरात प्लेगचे पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा निश्चित झालेले नव्हते. दाट वस्ती, ओल, कोंदट हवा आणि अंधार यांतच रोगाचे मूळ आहे अशी धारणा होती. या धारणेतून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कारणमीमांसा अपुरी होती. पण तिच्यातून विचारला गेलेला प्रश्न अचूक होता. तो प्रश्न असा : तळमजल्यावरच्या खोलीत उजेड किती पोहोचतो?

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले. त्यांचा आग्रह ज्या नियमासाठी होता तो एका कोनाचा नियम आहे : साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर वर जाणारी एक रेषा कल्पावी, ती जमिनीशी ६३.५ अंशांचा कोन करील अशी धरावी, आणि समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर डोकावू नये. लंडनच्या १८९४च्या इमारत कायद्यातही हाच कोन भेटतो. म्हणजे कल्पना आयात केलेली होती. या विशिष्ट कोनाचे रहस्य साधे आहे. तो घेतला की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या बरोबर दुप्पट होते. मध्ये सहा मीटर असतील तर इमारत बारा मीटर. मध्ये बारा असतील तर चोवीस. नियम उंचीवर आहे असे दिसते, परंतु तो वस्तुतः उंची आणि अंतर यांच्या नात्यावर आहे. उंच बांधू नका, असे तो म्हणत नाही. जितके उंच जाल तितके मागे सरका, असे म्हणतो.

येथे दुसरा शब्द येतो. दोन इमारतींमध्ये, किंवा इमारत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये, जी जागा मोकळी सोडायची तिला नियमावलीच्या मराठीत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. समास म्हणजे वहीच्या पानावर डावीकडे सोडतो तो. आमच्या विद्यार्थ्यांना व्याकरणातला समास छळतो आणि दासबोधातले समास परीक्षेपुरते भेटतात. पण पानावरचा समास प्रत्येकाला पहिलीपासून ठाऊक असतो. बाईंनी आखायला लावलेली ती लाल रेघ. कागद महाग आहे म्हणून समासात लिहिणारा विद्यार्थी आम्हीही पाहिला आहे, आणि त्याची वही वाचताना डोळ्यांना होणारा त्रासही. जागेच्या टंचाईत समासावर अतिक्रमण होते, ही गोष्ट शहराला आणि वहीला सारखीच लागू आहे. फरक एवढाच की वहीत समास गेला तर वाचणाऱ्याला त्रास होतो, शहरात गेला तर त्या पानातच राहणाऱ्याला.

ट्रस्टचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. त्याने वस्त्या पाडल्या पुष्कळ. विस्थापितांना घरे मात्र त्या मानाने थोडी दिली, आणि तीही उशिरा. उजेडाच्या नावाने गरिबाला शहराच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यातून उठवून दुसऱ्या कोपऱ्यात लोटण्याची रीत तेव्हापासूनची आहे. तरीही दादर-माटुंग्याच्या वसाहतींतून आजही पायी फिरले तर दोन-तीन मजल्यांची घरे, रुंद रस्ते आणि मधली झाडे यांत त्या विचाराचे उत्तम रूप दिसते; आणि परळच्या बी.आय.टी. चाळींत त्याच विचाराचे काटकसरीचे रूप दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे याच परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले. त्यानंतर १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची.

या चार मजल्यांनी मराठी साहित्याला काय दिले हे वेगळे सांगायला नको, तरी एक बाब नोंदवावीशी वाटते. चाळीचे साहित्य म्हणून आपण जे शिकवतो ते मुख्यतः आवाजाचे साहित्य आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मारलेली हाक चौकात ऐकू जाते आणि चौकातले भांडण तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट कळते, या भौतिक वस्तुस्थितीवर पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’चा सारा विनोद उभा आहे. ती इमारत बारा मजल्यांची असती तर ते पुस्तक लिहिलेच गेले नसते. यान गेल या डॅनिश वास्तुविशारदाने म्हटले आहे की पाचव्या मजल्याच्या वर माणसाचा जमिनीशी संबंध तुटतो. हे जाणून घेण्यासाठी आम्हांला कोपनहेगनपर्यंत जायची गरज नव्हती. गिरगावात आणि लालबागेत ते लिहून ठेवलेले होते. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) वर्गात शिकवताना हे फार जाणवते. गिरणी संपानंतरच्या कुटुंबाची ती एका खोलीतली कहाणी आहे, पण त्या खोलीचे दार चाळीकडे उघडे आहे. बाहेरची माणसे येता-जाता आत डोकावतात, आतले बाहेर जाते. टॉवरमध्ये वाढलेल्या विद्यार्थ्यांना या नाटकातील दारिद्र्य समजते, राग समजतो. दार सताड उघडे का, हे मात्र समजावून सांगावे लागते.

असो. येथवर आल्यावर मराठी लेखक बहुधा एक वळण घेतो, आणि ते वळण टाळावे असा आमचा आग्रह आहे. चाळ गेली, टॉवर आला, माणुसकी लोपली, हे ते वळण. पुलंना स्वतःला हा मोह ठाऊक होता आणि त्यांनी अखेरच्या चिंतनात त्याला हसत हसत वाट करून दिली. त्यांच्यामागून आलेल्यांनी हसणे सोडले आणि नुसते उसासे ठेवले. १६० चौरस फुटांत दोन पिढ्या, मजल्यावर सामाईक संडास, गर्भार बाईला रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जाणे : हे ज्यांनी सोसले त्यांनी चाळ सोडताना रडावे अशी अपेक्षा ज्यांनी ते सोसले नाही त्यांनी करू नये. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ४० मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांचा आनंद खरा आहे. त्यांना आमच्या अभ्यासक्रमासाठी चार मजल्यांत राहा असे सांगण्याचा अधिकार मराठीच्या कोणत्याही प्राध्यापकाला नाही.

त्याचप्रमाणे उंचीवर बंधने घातली म्हणजे शहर आपोआप माणुसकीचे होते, हा समजही तपासून पाहावा लागेल. अलँ बर्टो या फ्रेंच नगररचनाकाराने मुंबईच्या कमी निर्देशांकावर सातत्याने टीका केली आहे. समुद्राने वेढलेल्या शहरात लोक येतच राहणार, आणि बांधायला परवानगी कमी दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा आकसत जाईल, घरे महागतील, आणि ज्यांना परवडत नाही ते झोपडीत जातील. या म्हणण्यातील बराच भाग आम्हांला पटतो. १.३३ हा आकडा गरिबांच्या कनवाळूपणातून आला आणि गरिबांनाच नडला, असे म्हणता येईल. परंतु या मताचा उत्तरार्ध, म्हणजे निर्देशांक वाढवा की प्रश्न सुटेल, हा पटत नाही. येथे दिवंगत अभियंता-नगररचनाकार शिरीष पटेल यांचे म्हणणे जास्त मोलाचे वाटते. निर्देशांक हा एकट्याने बोलण्याचा आकडा नव्हे, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. खोलीत माणसे किती, रस्त्यावर माणसे किती, माणशी मैदान किती, शाळेला जागा किती, हे बाजूला ठेवून नुसते बांधकाम वाढवले तर गर्दी घरातून निघून जिन्यात आणि रस्त्यावर येते. पटेल यांच्यासह नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स कोरिया यांनी तर बेलापूरला बैठ्या आणि एक-दोन मजली घरांची वस्ती उभारून, हेक्टरी ५०० माणसांची घनता जमिनीलगत राहूनही साधता येते, हे प्रत्यक्ष दाखवले. घनता म्हणजे उंची नव्हे. हे वाक्य आम्ही कोरियांच्या नावावर खपवत नाही; पण त्यांच्या बेलापूरच्या गल्ल्यांतून फिरताना ते सुचते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९९१च्या नियमावलीत सामान्य इमारतींसाठी उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडण्याचे तत्त्व शाबूत होते. समास लहान-मोठा असेल, पण तो होता. मग अपवाद आला. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९०च्या दशकाच्या मध्यात आली तेव्हा खासगी विकसकाने मोफत घरे बांधून द्यावीत आणि मोबदल्यात विक्रीसाठी बांधावे, असे तिचे सूत्र होते. ते परवडावे म्हणून सवलती आवश्यक होत्या. त्यांपैकी एक सवलत अशी होती की पुनर्वसनाच्या इमारतीची उंची २४ मीटरपर्यंत असेल तर सामासिक अंतर दीड मीटर पुरे.

दीड मीटर. शेजारच्या इमारतीनेही तेवढेच सोडले, तर दोन इमारतींमध्ये तीन मीटर. वाचकांनी हवे तर कागद घ्यावा. चोवीस मीटर म्हणजे साधारण आठ मजले. ऑर यांच्या १९१२च्या हिशोबाने आठ मजल्यांसाठी मध्ये बारा मीटर हवेत. आणि मध्ये तीनच मीटर असतील तर इमारत सहा मीटरांच्या वर, म्हणजे दोन मजल्यांच्या वर, जाता कामा नये. तीन मीटरांच्या गल्लीतून आठ मजल्यांच्या कठड्याकडे जाणारी रेषा जमिनीशी जो कोन करते तो ६३.५ अंशांचा नाही, सुमारे ८३ अंशांचा आहे. तळमजल्याच्या खिडकीशी बसलेल्या मुलीला आकाश पाहायचे असेल तर गजांना गाल लावून मान जवळजवळ सरळ वर करावी लागेल. वसाहतवादी सरकारने प्लेगच्या भीतीने नेटिवांना जो उजेड मोजून दिला, तो स्वतंत्र महाराष्ट्राच्या कल्याणकारी योजनेने परत घेतला. हे वाक्य आम्हांला लिहिताना कडू वाटते, परंतु अंक तसेच सांगतात.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. मानखुर्द-गोवंडीच्या बाजूला लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहती रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी उभ्या राहिल्या. इमारतींच्या रांगा, मध्ये सुमारे तीन मीटरांच्या बोळी. बोळींत वरून पडणारा कचरा आणि म्हणून कायम बंद खिडक्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आय.आय.टी. मुंबईच्या सहकार्याने येथे आणि याच प्रभागातील जुन्या, तुलनेने मोकळ्या पी.एम.जी.पी. वसाहतीत पाहणी केली. तीत क्षयरोगाचे प्रमाण आणि घरात येणारा उजेड व वारा यांचा संबंध स्पष्ट दिसला. खालच्या मजल्यांवरच्यांना धोका अधिक होता. म्हणजे १८९६ साली अपुऱ्या ज्ञानावर बेतलेली जी भीती होती, ती क्षयाच्या बाबतीत शास्त्राने खरी ठरवली. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि सूर्यप्रकाश व खेळती हवा यांचे त्यांच्याशी वाकडे आहे, हे तर शाळेच्या पुस्तकातही असते.

आमचा आक्षेप आहे तो येथे. उंचीच्या नियमांची कठोरता या शहरात कोठे टिकली आणि कोठे वितळली हे पाहा. मरीन ड्राइव्हच्या एकसारख्या उंचीच्या इमारतींची ओळ आजही जपली जाते, वारसा समितीपासून न्यायालयापर्यंत तिच्यासाठी लोक धावतात, आणि २०१८ साली तिला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. ती जपली पाहिजेच. आम्हीही संध्याकाळी तिथेच जाऊन बसतो. पण त्या इमारतींच्या पुढ्यात अख्खा अरबी समुद्र आहे. त्यांना उजेडाची ददात कधीच नव्हती. ज्या घरांपुढे समुद्र नव्हता, बाग नव्हती, रस्तादेखील नव्हता, जिथे उजेडाचा एकमेव मार्ग दोन भिंतींमधली फट होता, नेमकी तिथे नियमाने नमते घेतले. सौंदर्यासाठीचा नियम ताठ राहिला आणि आरोग्यासाठीचा वाकला. यात कोणाचा कट आहे असे आम्ही म्हणत नाही. सवलत देणाऱ्यांच्या मनात बहुधा चांगलेच होते. मोफत घर मिळते आहे, मग त्यात उजेड किती असे विचारणे हे फुकटच्या घोड्याचे दात मोजण्यासारखे आहे, हा विचार सरकारच्याच नव्हे तर आपल्या सर्वांच्या मनात खोल रुजलेला आहे.

पुण्यातील उदाहरण या बाबतीत उलट बाजूने बोलके आहे. २०१० साली संरक्षित स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित झाले. त्यामुळे शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांतील मोडकळीला आलेल्या वाड्यांचे लोक खोळंबून राहिले. टेकू दिलेल्या भिंतींत राहावे, दुरुस्तीसाठी परवानगीच्या खेपा घालाव्यात, आणि नव्याने बांधता मात्र येऊ नये. स्मारकाला मोकळे आकाश हवे म्हणून शंभर मीटरांचा समास, आणि गोवंडीच्या माणसाला दीड मीटरचा. तीनशे वर्षांच्या दरवाजाला जेवढी हवा लागते तेवढी जिवंत माणसाला लागत नाही, अशी आपली समजूत आहे काय?

भाषेचे शिक्षक म्हणून आम्ही यात काय करू शकतो, असे कोणी विचारील. फार थोडे. पण संमतिपत्रांची भाषा वाचू शकतो. पुनर्वसनाला संमती देणाऱ्या कुटुंबाला एकच आकडा ठळक अक्षरांत सांगितला जातो : घर किती चौरस फुटांचे. तो पूर्वी २२५ होता, पुढे २६९ झाला, मग ३००. प्रत्येक वाढीच्या वेळी पेढे वाटले गेले, आणि ते रास्तच होते. परंतु समोरची इमारत किती दूर असेल, हे पहिल्या पानावर ठळक छापलेले आम्ही पाहिलेले नाही. नकाशातील छेदचित्रात ते असते, आणि छेदचित्र वाचता येणे ही आपल्याकडे एक जातच झाली आहे. आमची सूचना साधी आहे. पुनर्वसनाच्या प्रत्येक योजनेत रहिवाशांपुढे एक चित्र ठेवावे : दोन इमारती, मधले अंतर, आणि तळमजल्याच्या खिडकीपासून आकाशापर्यंत ओढलेली एक रेषा. रेषेजवळ कोन लिहावा. खाली मराठीत एक वाक्य लिहावे, ज्यात कर्ता, कर्म आणि क्रियापद असेल : या खिडकीतून दुपारी दिवा न लावता पुस्तक वाचता येईल, किंवा येणार नाही.

हे वाक्य संमतीच्या वेळी हवे, कारण नंतर उपयोग नाही. इमारत पुरी झाली की घरे सोडतीने वाटली जातात. सोडतीत सगळ्या चिठ्ठ्यांवर क्षेत्रफळ सारखेच असते. एकाला सातवा मजला लागतो, त्याच्या खिडकीत ऊन येते; दुसऱ्याला पहिला लागतो, आणि त्याच्या घरी सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते. दोघांच्या करारनाम्यांवर चटई क्षेत्र मात्र शेवटच्या दशांशापर्यंत एकच असते.